लंडनमध्ये दुर्मीळ पुस्तकांच्या दुकानात नोकरी करायची म्हणता?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात ग्रंथालयशास्त्राची पदवी झाली आहे, जुन्या पुस्तकांचं वेड आहे. लंडनमध्ये दुर्मीळ पुस्तकांच्या दुकानात नोकरी मिळेल का, आणि तिथे दिवसभर करतात काय? मी या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी रुक्ष भाग. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी सर्वसाधारण पगाराची अट जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड आहे. दुकानातला सुरुवातीचा पगार त्या आकड्याच्या वाटेलाही जात नाही. त्यामुळे आधी शिकायला या. इथल्या पदवीनंतर ग्रॅज्युएट व्हिसावर दोन वर्षं राहता येतं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना अठराच महिने. तेवढ्यात सेसिल कोर्ट या लंडनमधल्या जुन्या पुस्तकांच्या गल्लीतली दुकानं पालथी घाला, यॉर्कला जुन्या ग्रंथांच्या व्यापाऱ्यांचं प्रशिक्षण शिबिर भरतं तेही गाठा.

आता काम. दिवसभर वाचत बसतात हा गोड गैरसमज आहे; वाचणारा नोकर मालकाला परवडत नाही. खरं काम खोकी उचलण्याचं. कुणी ग्रंथप्रेमी वारला की वारस बोलावतात. घर हमखास वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि निम्मी पुस्तकं म्हणजे फुकटही कुणी नेत नाही असे विश्वकोशाचे खंड. मग कॉलेशन, म्हणजे पान, चित्र, नकाशा सगळं मोजून बघणं. एक नकाशा गळालेला निघाला तर किंमत कोसळते, बांधणी कितीही सोनेरी असो. सिनेमातले पांढरे हातमोजे विसरा. हात धुऊन, कोरडे करून पुस्तक धरायचं, कारण मोज्यातून पानाचा अंदाज लागत नाही आणि कडा फाटते. मोजे घालायचे ते काही हिरव्या कापडी बांधणीच्या व्हिक्टोरियन पुस्तकांना, कारण त्या रंगात आर्सेनिक असू शकतं.

गिऱ्हाइकं हा वेगळाच प्रकार. खापरपणजोबांचं बायबल नवजात बाळासारखं दुपट्यात गुंडाळून आणणाऱ्याला ‘अशी लाखोंनी छापली गेली’ हे सांगायला काळीज घट्ट लागतं. १९९७ साली हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या छपाईत पुठ्ठा बांधणीच्या ५०० प्रती निघाल्या. आमच्या फोनवर आजवर पाच हजार तरी निघाल्या असतील. एका बाईंना तपकिरी चामड्याची तीन मीटर पुस्तकं हवी होती. विषय विचारला, तर म्हणाल्या, ‘सोफ्याला जुळेल असा.’ त्यांनी पैसे मात्र रोख मोजले. तीन-तीन तास आवृत्त्यांवर बोलून छत्री विसरून जाणारे विद्वान काय देतात?

पुण्यात आहात तोवर मोडी शिका, हे माझं आग्रहाचं सांगणं. इथल्या लिलावांत हिंदुस्थानी कागद येतात आणि मोडी वाचणारं माणूस सापडत नाही. आप्पा बळवंत चौकात आणि रद्दीवाल्यांकडे हात घाण करा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८३१ ची पहिली आवृत्ती, १८५७ ची दुसरी आणि नंतरचं पुनर्मुद्रण यांतला फरक ओळखता आला पाहिजे.

घरातली पोथी मात्र सामानात घालू नका. ७५ वर्षांहून जुनी, ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात; ती अशी देशाबाहेर नेता येत नाहीत.

नोकरीच्या अर्जात ‘मला जुन्या पुस्तकांचा वास आवडतो’ असं लिहू नका, ते सगळेच लिहितात. त्याऐवजी एखाद्या मराठी पुस्तकाचं कॅटलॉगसारखं वर्णन जोडा: आवृत्ती कुठली, पानं किती, काय फाटलंय, आधी कुणाकडे होतं. आणि चौथ्या मजल्यापर्यंत खोकी नेता येतात, हेही लिहा.