नाशिकचा कांदा मालदीवच्या लहान बेटांवर लवकर कसा पोहोचवता येईल?

तुम्ही लिहिलंय की पिंपळगावला भरलेला 40 फुटी रीफर (थंड ठेवणारा कंटेनर) मालदीवची राजधानी मालेपर्यंत वेळेवर जातो, पण पुढे चार बेटांवर बोटीने माल पोहोचवताना धक्क्यावर दिवस मोडतात आणि गोण्या ओलावतात. यातलं निम्मं काम तुमच्या पॅकिंग शेडमध्येच करायचं आहे.

कंटेनरमधला 28 टन माल म्हणजे 25 किलोच्या 1,120 गोण्या. कंटेनर, ट्रक, धक्का, बोट, पुन्हा धक्का असा प्रवास म्हणजे प्रत्येक गोणी चारदा उचलायची, एकूण 4,480 वेळा. त्यात कोणती गोणी कुठल्या बेटाची हे धक्क्यावर शोधत बसलात तर दिवस गेलाच. म्हणून गोणीचं तोंड शिवायचा दोरा बेटागणिक वेगळ्या रंगाचा घ्या. चिठ्ठी ओली होऊन गळते, दोरा राहतो.

भरण्याच्या क्रमात बहुतेकांची गफलत होते. लांबच्या बेटाचा माल कंटेनरमध्ये सर्वांत आत टाकतात. पण माल दोनदा उलटतो. दाराजवळची गोणी आधी निघते, आधी बोटीच्या पोटात जाते आणि तिथून सगळ्यात शेवटी बाहेर येते. तेव्हा एकच बोट चारही बेटं करणार असेल तर पहिल्या थांब्याचा माल कंटेनरमध्ये सर्वांत आत आणि शेवटच्या थांब्याचा दाराशी ठेवा. बोटी वेगवेगळ्या असतील तर जी आधी सुटते तिचा माल दाराशी.

तिकडच्या बोटीला धोनी म्हणतात (क्रिकेटवाला नव्हे). तिच्यावर डेरिक (माल उचलायची यारी) असेल तर त्याची क्षमता आधी विचारून घ्या. 500 किलो झेपत असेल तर 20 गोण्यांची दोरीची जाळी करा, 1,120 गोण्या 56 उचलींत बोटीत जातात. जाळ्यांचे दोन संच हवेत. एक बोटीत रिकामा होतो तोवर दुसरा धक्क्यावर भरायचा. पॅलेट मी सुचवणार नाही. त्यावर माल कमी मावतो आणि बोटीच्या पोटात ते बसतही नाहीत.

ओलाव्याचं कारण बहुधा थंडी. फार गार केलेला कांदा दमट हवेत उघडला की त्यावर दव धरतं, मग काळी बुरशी. कांद्याला 65 ते 70 टक्के आर्द्रता मानवते. रीफरचे व्हेंट (हवेचे झरोके) उघडे आहेत ना, हे सील लावण्याआधी स्वतः बघा. थप्पी कंटेनरच्या आतल्या लाल रेषेच्या वर नको. दाराशी जमिनीचा पट्टा उघडा राहिला तर खालून येणारी हवा तिथूनच वर निघून जाते आणि थप्पीत शिरत नाही, तो पुठ्ठ्याने झाका. बोटीवर ताडपत्री थेट गोण्यांवर टाकू नका, खाली बांबू देऊन हवेला वाट ठेवा.

उत्तरेकडची बेटं असतील तर सगळं मालेवरून का न्यायचं? सप्टेंबर 2020 मध्ये तुतिकोरिन, कोची, कुल्हुधुफुशी (उत्तरेकडचं बेट), माले अशी थेट मालवाहू सेवा सुरू झाली होती, 200 टीईयू (म्हणजे 20 फुटी 200 कंटेनर) आणि 3,000 टन सुटा माल नेणारं जहाज होतं. सध्याचं वेळापत्रक फॉरवर्डरकडून (माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्याकडून) पक्कं करा.

एका कंटेनरमध्ये चार खरेदीदारांचे वेगळे कागद टाकू नका. एकाचे पैसे अडले की चौघांचा माल उभा राहतो. मालेत एकच आयातदार ठेवा आणि बेटवार यादी त्याला जहाज सुटतानाच पाठवा, कोणता रंग कुठल्या बेटाचा हे तीत लिहून.