बडग्याचं काम पोर्टफोलिओत लावावं का?
लाव ना बावा, बिनधास्त! फक्त तयार बडग्याचा, म्हणजे नागपूरच्या मारबत मिरवणुकीतल्या त्या पुतळ्याचा, एकच फोटो टाकू नको. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावरचा कागद, मग रंग, असे टप्पे दिसू दे. नाकाचा फुगवटा कागदाच्या थरांवर कसा आणलास, हे जाणकार आधी बघतो.

मिरवणूक झाली की जाळून टाकायचं, मग ती कला कशी, असं तुला कुणी म्हटलं. नागपुरात राहून हे विचारायचं म्हणजे कमालच आहे. काळ्या मारबतीचा पुतळा 1881 पासून निघतो, पिवळीचा 1885 पासून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवतात, जाळतात, पुढच्या वर्षी पुन्हा घडवतात. टिकण्याचीच अट लावली तर रांगोळीही बाद.

परीक्षकांचंही फार मनावर घेऊ नको. 1917 साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात फी भरणाऱ्या प्रत्येकाला जागा होती, तरी मार्सेल द्यूशाँ या फ्रेंच कलाकारानं पाठवलेलं मुतारीचं भांडं आयोजकांनी मांडलं नाही. आज त्याच्या प्रतिकृती मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत.

म्हणून काहीही खपतं असं नाही हं. नेटवरचं कार्टून उचलून बडग्याच्या तोंडावर चिकटवलंस, तर मी तरी त्याला तुझं काम म्हणणार नाही. त्यापेक्षा चितारओळीत, नागपूरच्या मूर्तिकारांच्या गल्लीत जा, मूर्तीचे डोळे आखतात ते बघ. विचारून बस, आणि गणपतीच्या तोंडावर जाऊ नको, तेव्हा कुणाला बोलायलाही फुरसत नसते.