वाचकांचे प्रश्न : नरसिंह राव दोषी की निर्दोष?

प्रश्न : पारावर वाद झाला. एक जण म्हणतो, माजी पंतप्रधान नरसिंह रावांना लाचेच्या खटल्यात ३ वर्षांची शिक्षा झाली. दुसरा म्हणतो, ते निर्दोष सुटले. खरं कुणाचं?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : दोघांचंही खरं आहे, तारखा वेगळ्या आहेत. १९९३ च्या अविश्वास प्रस्तावात राव सरकार वाचवण्यासाठी खासदारांना लाच दिली, असा हा खटला. सप्टेंबर २००० मध्ये दिल्लीच्या विशेष न्यायालयाने राव आणि माजी केंद्रीय मंत्री बुटासिंग यांना दोषी ठरवलं आणि ऑक्टोबरमध्ये ३ वर्षं सक्तमजुरी सुनावली. दोघे अपिलात गेले. मार्च २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. खटल्याचा भार झारखंड मुक्ती मोर्चाचे खासदार शैलेंद्र महतो यांच्यावर होता. ते माफीचे साक्षीदार झाले होते, पण त्यांच्या जबाबात मेळ नव्हता. उच्च न्यायालयाला त्यावर विसंबता येईना, म्हणून आरोपी सुटले. ‘शिक्षा झाली’ एवढंच सांगून थांबणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

प्रश्न : पैसे देणाऱ्यांवर खटला चालला, घेणारे खासदार कसे सुटले? आणि लोकसभेचे अध्यक्ष तेव्हा आपल्या चाकूरचे शिवराज पाटील होते, त्यांनी काहीच कसं केलं नाही?
– एक वाचक, लातूर

उत्तर : आधी आकडे पाहा. २८ जुलै १९९३ ला राव सरकारवरील अविश्वास प्रस्तावावर मतदान झालं. सभागृहात सदस्य ५२८, म्हणजे साधं बहुमत २६५. काँग्रेसकडे २५१, तूट १४ची. प्रस्तावाच्या बाजूने २५१ आणि विरोधात बरोबर २६५ मतं पडली. ही १४ मतं कशी जमवली, यावरच पुढचं सगळं प्रकरण उभं राहिलं.

घेणारे सुटले ते राज्यघटनेच्या अनुच्छेद १०५(२) मुळे. खासदाराने सभागृहात केलेल्या भाषणाबद्दल किंवा दिलेल्या मताबद्दल त्याच्यावर न्यायालयात कारवाई करता येत नाही. १९९८ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ३ विरुद्ध २ असा निकाल दिला, की मत देण्यासाठी लाच घेतली आणि तसं मत दिलं, तर त्या लाचेलाही हे संरक्षण आहे. परिणाम उफराटा झाला. पैसे घेऊन मत देणारा सुटला. ज्यांनी मतच दिलं नव्हतं त्या खासदार अजितसिंगांना मात्र संरक्षण नाकारलं गेलं. देणाऱ्यांनाही ते नव्हतंच. आमच्या मते हा अर्थ मुळातच चुकीचा होता. तो दुरुस्त व्हायला २६ वर्षं लागली. ४ मार्च २०२४ ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने तो फिरवला. आता लाच स्वीकारली की गुन्हा पूर्ण होतो. मग मत कुणालाही द्या, वा देऊ नका.

पाटील यांच्याबद्दल : मतदान पार पाडणं आणि निकाल जाहीर करणं हे अध्यक्षांचं काम. कुणी कशासाठी मत दिलं, हे त्या खुर्चीवरून दिसत नाही. पैशाची तक्रार सीबीआयकडे गेली ती थेट १९९६ मध्ये.

प्रश्न : बाबरी मशीद पडली तेव्हा गृहमंत्री नांदेडचे शंकरराव चव्हाण होते. केंद्राला आधीच राष्ट्रपती राजवट लावता आली नसती का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : लावता आली असती. केंद्रीय दलं अयोध्येजवळ आणून ठेवली होती, पण त्यांचा वापर राज्य सरकारच्या हाती होता. उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री कल्याणसिंग यांनी सर्वोच्च न्यायालयाला वास्तूच्या रक्षणाची हमी दिली होती. राव सरकारने तिच्यावर भरवसा ठेवला. हमी मोडल्याबद्दल कल्याणसिंगांना १९९४ मध्ये एक दिवसाची कैद आणि २,००० रुपये दंड झाला.

मशीद पाडल्याची चौकशी करणाऱ्या लिबरहान आयोगाने ४८ वेळा मुदत वाढवून घेऊन ३० जून २००९ ला अहवाल दिला. राज्यपालांची शिफारस नसल्याने केंद्राचे हात बांधलेले होते, अशी त्याची मांडणी. ती आम्हाला पटत नाही. राष्ट्रपती राजवटीच्या अनुच्छेद ३५६ मध्ये ‘राज्यपालांचा अहवाल मिळाल्यावर किंवा अन्यथा’ असे शब्द आहेत. त्यातला ‘अन्यथा’ वाचला की वाट मोकळी दिसते. मात्र हमी ताजी असताना सरकार बरखास्त केलं असतं, तर ते न्यायालयात टिकलं असतं का, ही भीतीही खोटी नव्हती. दोष आहे तो निर्णयाचा, आणि तो पंतप्रधान व गृहमंत्री दोघांच्याही पदरी येतो. रावांना किंवा शंकररावांना मशीद पाडण्याच्या कटाचे भागीदार म्हणणं वेगळं. त्याला आधार नाही.

प्रश्न : हर्षद मेहताची सुटकेस म्हणतात ती हीच का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : नाही. रावांना सुटकेसमधून एक कोटी रुपये दिल्याचा दावा शेअर दलाल मेहताने जून १९९३ मध्ये पत्रकार परिषदेत केला. अविश्वास प्रस्ताव पुढच्याच महिन्यात आला, म्हणून दोन्हींची गल्लत होते. तो दावा कधी सिद्ध झाला नाही. लंडनचे व्यावसायिक लखुभाई पाठक यांच्या फसवणुकीचा खटला हे तिसरंच प्रकरण. त्यातून राव डिसेंबर २००३ मध्ये निर्दोष सुटले आणि वर्षभराने, २३ डिसेंबर २००४ ला वारले.