भोचक माणूस आणि काळजी करणारा माणूस यांत फरक कसा ओळखायचा? वस्तूही भोचक असतात का?

वस्तूंपासून सुरू करते, कारण माझ्या बाबतीत पहिला आगाऊपणा फोननेच केला.

बायोप्सीचा रिपोर्ट यायचा होता. घरी कुणालाच बोलले नव्हते. नक्की काही कळेपर्यंत आईच्या जिवाला घोर नको, एवढंच मनात होतं. फोन दादाच्या शेजारी चार्जिंगला लावलेला. तो वाजला, स्क्रीन उजळली आणि दादाने मोठ्याने वाचलं, "तुमचा बायोप्सीचा रिपोर्ट तयार आहे." आई कपड्यांच्या घड्या घालत होती. टॉवेलची अर्धी घडी हातात तशीच राहिली. "कधीपासून?" एवढंच तिने विचारलं, तेही माझ्याकडे न बघता.

दादाचं म्हणणं आजही तेच: "नजर गेली, मी काय करू? आणि खोटं थोडंच वाचलं?" नजर जाते, मान्य. पण ते सगळ्यांना ऐकवायचं काय अडलं होतं? वर "काळजीपोटी झालं" हे तर मला मुळीच पटत नाही. १८९० मध्ये वॉरन आणि ब्रँडाइस या अमेरिकी वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला. त्यांची तक्रार वर्तमानपत्रांबद्दल आणि झटपट फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल होती. त्यांनी स्पष्ट म्हटलंय की गोष्ट खरी होती किंवा हेतू वाईट नव्हता, हा बचाव चालत नाही. दादाचे दोन्ही मुद्दे तिथेच निकालात निघतात.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर, भोचक माणूस नको ते विचारतो, लुडबुड्या नको तिथे हात घालतो, आणि सगळ्यांत वाईट तो, जो तुमची बातमी तुमच्याआधी सांगून मोकळा होतो. पहिल्या दोघांना "आत्ता नको" म्हणून बघा. थांबला तर काळजी आहे, "मी काय परका आहे का?" म्हणत रुसला तर भोचकपणा. तिसरा तुम्हाला तेवढं म्हणायलाही वेळ देत नाही.

फोनचं सोपं आहे. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं सेटिंगमधून बंद करता येतं, आजच करा. व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणाही बंद होतात, फक्त मग इतरांनी वाचलं की नाही हे तुम्हालाही दिसत नाही, आणि ग्रुपमध्ये त्या तरीही दिसतात.

अर्थात कुणाच्या जिवाला धोका दिसत असेल तर बेधडक घुसा, तिथे परवानगीची वाट बघू नका.

रिपोर्ट चांगला आला. दादाच्या लेखी विषय तिथेच संपला. माझा संपलेला नाही. आईला ते मी सांगणार होते, शेजारी बसून, तिचा हात हातात घेऊन.