सीडी७३ची अँटिबॉडी फ्लोमध्ये चालते, वेस्टर्नमध्ये का नाही?

तुम्ही विचारलंय की सीडी७३ची (हे पेशीच्या पृष्ठभागावरचं, एएमपीपासून ॲडेनोसिन आणि फॉस्फेट सुटं करणारं एन्झाइम) एकच अँटिबॉडी फ्लो सायटोमेट्रीत (अख्ख्या पेशी एकेक करून मोजणं) झकास सिग्नल देते आणि वेस्टर्नमध्ये (प्रथिनं जेलवर वेगळी करून मेम्ब्रेनवर शोधणं) मेम्ब्रेन कोरा राहतो, तर माल खराब आलाय का? बहुतेक नाही. बाटली फेकू नका.

फ्लोमध्ये सीडी७३ आपल्या मूळ घडीत, जीपीआय या मेदयुक्त रेणूच्या नांगराने पेशीच्या पडद्याला अडकून उभं असतं. वेस्टर्नसाठी आपण ते एसडीएसमध्ये (प्रथिनाची घडी उलगडणारा डिटर्जंट) उकळतो, वर मर्कॅप्टोइथेनॉल घालून डायसल्फाइड बंध तोडतो. ज्या क्लोनला (म्हणजे ठरावीक अँटिबॉडीला) घडीच ओळखता येते, त्याला त्या उलगडलेल्या साखळीत काय सापडणार? एक लेन मर्कॅप्टोइथेनॉल न घालता, न उकळता चालवून बघा. पट्टा ७० किलोडाल्टनच्या आसपास येतो; साखरेच्या साखळ्यांमुळे जरा पसरट दिसतो. शेजारच्या लेनमध्ये एमडीए-एमबी-२३१ (भरपूर सीडी७३) आणि एमसीएफ-७ (अगदी कमी) या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींचे नमुने ठेवा. तरीही कोरंच राहिलं, तर वेस्टर्नसाठी तपासलेला क्लोन घ्या. आणि हो, प्रजाती बघून घ्या: एडी२ हा क्लोन माणसाच्या सीडी७३साठी, टीवाय/२३ उंदराच्या. ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त होते.

तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल मात्र माझा आक्षेप आहे. ‘सिग्नल दुप्पट, म्हणजे ॲडेनोसिन दुप्पट’ असं धरू नका. अँटिबॉडी रेणू मोजते, त्यांचं काम नाही. सीडी३९ या आधीच्या पायरीच्या एन्झाइमने एटीपीपासून एएमपी बनवलंच नाही, तर सीडी७३ कितीही असलं तरी बसून राहणार. शिवाय अल्कलाइन फॉस्फेटेजही एएमपीपासून ॲडेनोसिन बनवतं.

म्हणून पेशींना एएमपी द्या आणि सुटलेला फॉस्फेट मॅलाकाइट ग्रीनने (फॉस्फेट असला की हिरवा होणारा रंग) मोजा. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा अख्खी प्लेट मिनिटभरात हिरवीगार झाली, पेशी नसलेले वेल (प्लेटमधले खळगे) सुद्धा! मी मोठ्या उत्साहात पेशी पीबीएस या बफरने धुतल्या होत्या आणि एएमपीही त्यातच विरघळवलं होतं. पीबीएसमधला ‘पी’ म्हणजे फॉस्फेट, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. धुण्यापासून शेवटपर्यंत ट्रिस किंवा हेपीस हे फॉस्फेट नसलेले बफर वापरा. काही वेलमध्ये एपीसीपी घाला. ते सीडी७३ला रोखतं. त्या वेलमध्ये जेवढा फॉस्फेट कमी सुटेल, तेवढाच सीडी७३च्या खात्यात टाका.