'लीज अँड लीफ' ऐकायला बसण्यापूर्वी

फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या ब्रिटिश फोक-रॉक बँडचा हा अल्बम तुम्ही पहिल्यांदाच ऐकणार असाल, तर सुरुवात 'मॅटी ग्रोव्ह्ज' या गाण्यापासून करा आणि ही आठ मिनिटे दुसरे काहीही करू नका. सरदाराची बायको, तिचा प्रियकर आणि दोन खून अशी ही जुनी कथा बँडची गायिका सँडी डेनी आवाज न चढवता सांगते. तिचे गाणे संपल्यावर रिचर्ड थॉम्पसनची गिटार आणि डेव्ह स्वॉरब्रिकचे फिडल, म्हणजे व्हायोलिन, एकमेकांच्या मागे धावू लागतात, तो भाग मी आजही पुन्हा मागे नेऊन ऐकतो.

या अल्बमवर चाहत्यांची माया एवढी का, हे कळण्यासाठी थोडा इतिहास हवा. मे १९६९ मध्ये इंग्लंडमधील एम-१ महामार्गावर बँडची व्हॅन उलटली आणि त्यात १९ वर्षांचा ड्रमर मार्टिन लॅम्बल गेला. उरलेल्यांनी हॅम्पशायरमधील एका घरात उन्हाळा काढला, जुनी इंग्लिश व स्कॉटिश लोकगीते विजेच्या वाद्यांवर बसवली आणि डिसेंबरमध्ये अल्बम आला. तोवर सँडी आणि बास वाजवणारा ॲशली हचिंग्ज बँड सोडून गेलेही होते.

याच अल्बममधले 'टॅम लिन' हे गाणे लगेच आवडले नाही तर सोडून द्या. मलाही ते उशिरा उमगले. गीतांचे शब्द मात्र समोर ठेवा, कारण कथा निसटली की निम्मी मजा जाते. पुढे कधी ऑगस्टमध्ये इंग्लंडला जाणे झाले, तर ऑक्सफर्डशायरमधील क्रॉप्रेडी गावचा बँडचा महोत्सव चुकवू नका.