किल्ला, बंदर आणि गावचा गाइड : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सहाजण सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग पाहायला जाणार आहोत. बरोबर सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहेत. सगळी माहिती मोबाइलवर मिळत असताना आमच्यापुरता वेगळा गाइड घ्यावा का? घेतल्यास पैशांचे कसे ठरवावे?
— एक वाचिका, चिपळूण

उत्तर : गाइड जरूर घ्यावा, पण सनावळ्या ऐकण्यासाठी नव्हे. १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला गेला, हे घरी वाचून जाता येते आणि वाचूनच जावे. जागेवर उभे राहिल्याखेरीज जे कळत नाही, ते दाखवायला गावचा माणूस लागतो. सिंधुदुर्गाचा दरवाजा दोन बुरुजांच्या कवेत असा दडवला आहे की होडी जवळ येईपर्यंत तट सलगच वाटतो. हे ज्याला दाखवायचे असेल तो होडीतच तुम्हांला सावध करतो, कारण धक्क्याला उतरल्यावर ती गंमत संपलेली असते. आत गेल्यावर तटातील एखाद्या जंगीला डोळा लावायला सांगणारा गाइड मिळाला, तर त्याला सोडू नये. बंदुकीसाठी ठेवलेले ते भोक खाली तिरपे उतरत गेलेले असते आणि त्यातून तटाच्या पायथ्याशी आलेला माणूसच नेमका टप्प्यात येतो, हे एकदा स्वतः पाहिले की पुढच्या प्रत्येक किल्ल्यावर तुमची नजर आपोआप जंग्या शोधू लागते.

होडीवाले किल्ल्यावर साधारण तासाभराचा अवधी देतात. ४८ एकरांच्या किल्ल्याला तो अपुरा आहे; शिवराजेश्वराचे देऊळ आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी पाहीपर्यंत परतीची हाक येते. तटावरून फेरी मारायची असेल, तर जास्त वेळ थांबण्याचे होडीवाल्याशी आधीच बोलून ठेवायला गाइडला सांगावे. माझ्या मते स्वतंत्र गाइडचा खरा उपयोग इथेच होतो.

सासूबाईंसाठी विजयदुर्ग अधिक सोयीचा, कारण तिथे गावातून जमिनीवरूनच किल्ल्यात जाता येते. सिंधुदुर्गात मात्र हलत्या होडीतून चढ-उतार करावी लागते आणि तटावर जायला पायऱ्या आहेत. त्यांच्या गुडघ्यांचे गाइडला आदल्या दिवशीच सांगावे; म्हणजे त्या देवळापाशी सावलीत बसतील आणि तुम्ही निर्धास्तपणे तटावर फिराल.

पैसे माणशी नव्हे, तर गटामागे ठरवावेत. वेळ अर्धा दिवस की पूर्ण दिवस, होडीचे तिकीट, गाडी आणि गाइडचे जेवण कोणाकडे, पावसामुळे होडी बंद राहिली तर काय, हे फोनवर बोलून झाल्यावर संदेश पाठवून पक्के करावे, म्हणजे निघताना घासाघीस होत नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचे किंवा राज्याचे ओळखपत्र असल्यास उत्तम, परंतु ते नसलेली, किल्ल्याशेजारीच वाढलेली जाणती माणसेही कोकणात पुष्कळ आहेत. फोनवर एकच विचारावे : “त्या दिवशी भरती किती वाजता आहे?” जो लगेच उत्तर देईल किंवा पाहून कळवतो म्हणेल, तो कामाचा; जो “ते बघू नंतर” म्हणेल, त्याला नमस्कार करावा.

प्रश्न : विजयदुर्गावर गाइडने आमच्या विद्यार्थ्यांना सांगितले की हेलियमचा शोध याच किल्ल्यावर लागला आणि लॉकियर साहेब इथे दुर्बीण लावून बसले होते. मुलांनी वहीत लिहून घेतले आहे. ते तसेच ठेवावे का?
— एक शिक्षिका, देवरुख

उत्तर : ते दुरुस्त करून घ्यावे. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसले, हे खरे आहे. ते पाहण्यासाठी फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सन आंध्रातील गुंटूरला आले होते. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर मात्र त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. सूर्याच्या वर्णपटातील ती अनोळखी पिवळी रेषा त्यांनी पुढे ऑक्टोबर १८६८ मध्ये तिथूनच, ग्रहण नसताना पाहिली आणि ती नव्या मूलद्रव्याची, म्हणजे हेलियमची, असल्याचा तर्क मांडला. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ साली, रसायनशास्त्रज्ञ रॅम्से यांना, एका खनिजात. लॉकियर ग्रहण पाहायला भारतात आले खरे, पण १८७१ च्या डिसेंबरात, आणि तेही केरळातल्या बेकल किल्ल्यावर. समुद्रकाठचा किल्ला, तोच साहेब आणि ग्रहण एवढे जुळल्यावर दोन गोष्टींची सरमिसळ व्हायला कितीसा वेळ लागतो?

गाइडला मुलांसमोर खोटे पाडू नये. बाजूला घेऊन सांगावे. साहेबाच्या दुर्बिणीचे म्हणून किल्ल्यावर दाखवले जाणारे ‘साहेबाचे ओटे’ मुलांना अवश्य दाखवावेत आणि ही कथा ‘इथे असे सांगतात’ या शब्दांत सांगावी. विजयदुर्गाला उसन्या मोठेपणाची गरज नाही. शिलाहारांपासूनचा हा किल्ला १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी घेतला, तेव्हा आंग्र्यांचे आरमार इथेच जळाले. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांमध्ये तो आहे. पुढच्या खेपेला मुलांना वाघोटन खाडीकाठची आरमाराची जुनी गोदी आणि गिर्ये येथील रामेश्वराची जांभ्यात कोरून काढलेली वाट दाखवा. किल्ला कशाच्या बळावर उभा होता, ते तटापेक्षा गोदीत अधिक कळते.

प्रश्न : अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीत चालत पाहता येतो म्हणून गाइडच्या सांगण्यावरून अष्टमीला दुपारी बारा वाजता गेलो, तर वाटेत कंबरभर पाणी! त्याचे गणित चुकले का?
— एक वाचक, पेण

उत्तर : वेळेचे गणित बरोबर होते, दिवस चुकला. आपल्याकडे तिथीला तीनाने गुणून चाराने भागतात. येणारा आकडा ही भरतीची अदमासे वेळ आणि तिच्यापासून सहा तासांवर ओहोटी. अष्टमीला भरती सहाला म्हणजे ओहोटी बाराला, इथवर ठीक. परंतु अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते, ते फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप मागे जाते, पण तेव्हा ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास पडते. म्हणून कोणत्याही पक्षातील द्वितीया ते चतुर्थी धरावी : उधाणाचा जोर टिकून असतो आणि ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते. हा आडाखाच आहे, तेव्हा आदल्या दिवशी भरती-ओहोटीचे छापील कोष्टक पाहावे. ओहोटीच्या तासभर आधी वाळूत पाऊल टाकावे आणि पाणी परत फिरताच निघावे. चुना न भरता नुसते रचलेले तटाचे प्रचंड दगड पाहण्यात वेळ कसा गेला, ते कळत नाही. पावसाळ्यात मात्र चालत जाण्याचा विचारच करू नये.

प्रश्न : रेवदंडा-चौलमध्ये एक दिवस गाइड घेण्याइतके काही आहे का?
— एक वाचक, महाड

उत्तर : आहे, आणि तिथे गाइडवाचून चालणारही नाही. रेवदंड्याचा पोर्तुगीज तट गावाभोवतीच फिरतो; त्याच्या आत आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, पडक्या चर्चपर्यंतची वाट कोणाच्या तरी आगरातून जाते आणि आगरवाल्याला विचारूनच जावे लागते. सोबतीला ओळखीचा माणूस असला, की हे विचारणे सोपे होते. चौल हे त्याहून जुने बंदर. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी १५ व्या शतकात इथेच उतरला. दुपारनंतर कोर्लईला जावे. किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात पोर्तुगीजपासून घडलेली बोली अजून घरोघरी बोलली जाते. मात्र “जरा बोलून दाखवा” असा आग्रह तिथल्या आजीबाईंना करू नये. दुकानात चहा घेत बसलात, तर ती आपोआप कानावर पडेल.